कॅमेऱ्याआधी कूलरची खिडकी : घराच्या सुरक्षेची साधने कशी निवडावीत

घर सुरक्षित करायचं ठरलं की आपण नागपूरकर सीताबर्डीचा बाजार गाठतो आणि चार कॅमेऱ्यांचा सेट घेऊन येतो. पण कॅमेरा चोराला बघतो, अडवत नाही. म्हणून आधी लोखंडाचा खर्च करा, विजेच्या वस्तू नंतर.

१. घराभोवती फेरी मारा. अंधार पडल्यावर, फाटकाबाहेरून सुरुवात करून. मागचं दार, गच्चीचं दार, बाथरूमचा झरोका बघा. नागपुरात आणखी एक जागा असते, कूलरची खिडकी. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बसवताना ग्रिल कापून घेतात आणि कूलर नुसता स्टँडवर टेकवतात. तो बाहेरून ओढला की माणूस सहज आत शिरेल एवढं भगदाड! ग्रिल न कापता कूलर तिच्याबाहेर ठेवला तर प्रश्नच मिटतो. हवा थोडी अडते, पण चालतं. ग्रिल कापलेलीच असेल तर वेल्डरकडून कूलरभोवती पिंजरा करून तो भिंतीत अँकर बोल्टने पक्का करा. गवताची जाळी बदलायला त्याला छोटं दार ठेवा, कुलपासकट.

२. दाराचं कुलूप. घरफोडीच्या बातमीत 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द ठरलेले असतात. म्हणजे बरेचदा कुलूप शाबूत राहतं, कोयंडा उपटला जातो. महागडं कुलूप चार स्क्रूंवर लटकवण्यात अर्थ नाही. कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या नटबोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला. मुख्य दाराला मात्र दारातच बसणारं मॉर्टिस लॉक मी आधी सुचवीन, कारण बाहेर लटकणारं कुलूप 'घरात कोणी नाही' हे गल्लीभर सांगत असतं. बोटाच्या ठशावर उघडणारं लॉक आवडत असेल तर घ्या. पण पश्चिमेच्या दारावर मे महिन्यातलं ऊन ते किती सोसेल हे माहितीपत्रकात बघा, आणि साधी किल्ली चालणारंच निवडा.

३. दिवा आणि अलार्म. हालचालीवर लागणारा दिवा स्वस्त आणि कामाचा. त्यातला पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि आसपासची उष्णता यांतला फरक ओळखतो. बंद घर तापून ३५-३७ अंशांवर गेलं की हा फरक उरतच नाही आणि सेन्सर मंदावतो. त्यामुळे घरातल्या अलार्मसाठी दार-खिडक्यांना चुंबकाचे सेन्सर लावा, त्यांना या उष्णतेचा फरक पडत नाही.

४. आता कॅमेरे. साध्या घराला २ मेगापिक्सेल पुरतात. एक कॅमेरा फाटकाकडे, चेहरा दिसेल अशा उंचीवर. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात नुसत्या टोप्या दिसतात. बाहेरचा कॅमेरा आयपी६६ किंवा आयपी६७ दर्जाचा (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा) हवा, आणि शक्यतो ६० अंशांपर्यंत चालणारा. नागपूरचा पारा सावलीत ४५ च्या वर जातो, उन्हातल्या भिंतीचं काय विचारता!

कॅमेऱ्यांचं चित्रण रेकॉर्डरमधल्या हार्डडिस्कवर साठतं, तिचा हिशोब दुकानात क्वचितच सांगतात. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) साठत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांत १ टीबी डिस्क ११ दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. दिवाळीत पंधरा दिवस गावाला जात असाल तर २ टीबी घ्या.

एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीच्या अटी लागू आहेत, तेव्हा नवा माल घेताना बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी विचारा आणि पक्कं बिल घ्या. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड तो जाताच बदला.

५. जोडणी. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर जाताना तोच उचलतो. कुलूपबंद कपाटात, पण हवा खेळेल असा ठेवा. मीटर बहुतेक फाटकाजवळ असतो, तिथून वीज तोडणं सोपं. म्हणून रेकॉर्डर, कॅमेरे आणि राउटर तिन्ही यूपीएसवर, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीने चालवणाऱ्या यंत्रावर हवेत. बसवून झालं की पैसे देण्याआधी मेन स्विच बंद करून बघा, मोबाइलवर चित्र येतंय का ते.