पीएचडीचा गाईड शोधताय? प्राध्यापकांचं पान असं वाचा

मी एका अध्यापक महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एम.एड. झालेले गुरुजी, हायस्कूलच्या बाई, ज्युनिअर कॉलेजचे सर अधूनमधून ग्रंथालयात येतात, एखादं पुस्तक मागायचं निमित्त करतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, एज्युकेशनमध्ये पीएचडी करायचीय. गाईड कोण बरा?" नाव सुचवणं माझं काम नाही, आणि सुचवलंच तर ते कॉलेजभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. म्हणून मी त्यांना संगणकापुढे बसवते आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांची माहिती उघडायला लावते. ती कशी वाचायची, ते इथे सांगते.

पानावर फोटो असतो, पदव्या असतात, मग 'संशोधनाची क्षेत्रे' नावाची एक ओळ आणि त्याखाली पेपर, परिषदा, पुरस्कार यांची लांबलचक यादी. जो तो आधी संशोधनाच्या क्षेत्रांवर झडप घालतो. ती ओळ सगळ्यात शेवटी वाचा. अध्यापक शिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान, मूल्यशिक्षण, समावेशक शिक्षण, शैक्षणिक मानसशास्त्र असं सगळं तिथे एका दमात लिहिलेलं असतं, म्हणजे एम.एड.चा निम्मा अभ्यासक्रम. प्राध्यापक खोटं लिहितात असं नाही. शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी आयक्यूएसीकडून, म्हणजे संस्थेच्याच गुणवत्ता कक्षाकडून, फॉर्म येतो, तो दोन तासांत भरून द्यायचा असतो, आणि मग ती ओळ पुढच्या नॅकपर्यंत तशीच राहते.

प्राध्यापकाला खरा रस कशात आहे, ते त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरून कळतं. ते सापडतात शोधगंगेवर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) 2009 च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची अट आली आणि तेव्हापासून ते भरत गेलं. पैसे लागत नाहीत. विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, नाहीतर सरळ गाईडच्या नावानं शोधा. नावाचा घोळ मात्र ठरलेला. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे 'डॉ.' चिकटलेलं, बाईंचं असेल तर लग्नाआधीचं नाव वेगळं आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक प्रबंधात नवं. एका नावाखाली दोनच प्रबंध दिसले म्हणून नाराज होऊ नका, बाकीचे शेजारच्या स्पेलिंगखाली असतात.

सापडलेली शीर्षकं वहीत उतरवून काढा. शेजारी वर्ष आणि भाषा लिहा. कॉपी-पेस्ट नको, हातानं लिहा, कारण लिहिताना साचा हाताला जाणवतो. 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानातील निवडक घटकांवर संगणक सहाय्यित अनुदेशन कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता : एक अभ्यास.' या घाटाची शीर्षकं शिक्षणशास्त्रात पोत्यानं मिळतात. घाट वाईट नाही. कार्यक्रम तयार करून तो चालतो का हे तपासणं हे संशोधनच आहे. पण एकाच गाईडकडे दहा वर्षं फक्त इयत्ता, विषय आणि तालुका बदलत असेल, तर तुम्हालाही तेच करायला लावतील हे धरून चाला. लवकर उरकायचं असेल तर अशा गाईडकडे तुमचं बरं जमेल, हेही खरं.

आता दुसऱ्या एका गाईडची वही बघा. पहिला प्रबंध आश्रमशाळेतल्या मुलांच्या गळतीवर. पुढचा घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची मराठी यांतल्या अंतरावर. त्यापुढचा त्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणावर. इथे प्रश्न पुढे सरकतोय. एका विद्यार्थ्याला जे उत्तर अर्धवट मिळालं, तिथून दुसऱ्याला सुरुवात करून दिलीय. असा माणूस सापडला की त्याच्या पानावर 'संशोधनाची क्षेत्रे' कोरी असली तरी बिघडत नाही.

शीर्षकांवर थांबू नका. त्यातले दोन प्रबंध उघडा, एक जुना, एक अलीकडचा. शोधगंगेवर प्रबंध बहुतेक प्रकरणवार तुकड्यांत असतो, त्यामुळे चारशे पानं उतरवायची गरज नाही. मी तीनच तुकडे उघडायला सांगते.

पहिला ऋणनिर्देश. 'गुरुवर्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे कार्य सिद्धीस गेले नसते' हे वाक्य सगळीकडे असतं, ते सोडून द्या. त्याच्या पुढचं वाचा. सर सुट्टीच्या दिवशी प्रकरण घेऊन घरी बोलवायचे, चाचणी तीनदा परत करायला लावली, अमुक पुस्तक स्वतःचं काढून दिलं, असा तपशील कुठे आला तर गाईडनं हात लावलाय. संख्याशास्त्र एकानं करून दिलं, टायपिंग दुसऱ्यानं, भाषा तिसऱ्यानं तपासली आणि गाईडच्या वाट्याला नुसतं 'अमूल्य' आलं असेल, तर काय ते समजून घ्या.

दुसरा तुकडा कार्यपद्धतीचं प्रकरण, बहुधा तिसरं. प्रायोगिक पद्धत, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य हे आलं असेल तर दोन गोष्टी बघा. नियंत्रित गट, म्हणजे कार्यक्रम न दिलेला तुलनेचा गट, होता का, आणि दोन्ही गट एकसारखे आहेत हे कशावरून ठरवलं? 'सहामाही परीक्षेतल्या गुणांवरून समान गट केले' असं स्पष्ट असेल तर ठीक. नमुना निवडीबद्दल 'सहेतुक पद्धतीने एक शाळा निवडली' एवढंच लिहिलं असेल, तर संशोधकाची स्वतःचीच शाळा आहे. त्यात गुन्हा नाही, नोकरी सांभाळून करणाऱ्याला दुसरी शाळा कोण देणार? पण ते उघड कबूल करून 'मर्यादा' या मथळ्याखाली लिहायला लावणारा गाईड मला जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरा तुकडा परिशिष्ट. हे कुणीच उघडत नाही आणि खरा माल तिथेच असतो. प्रश्नावली, चाचणी, पाठाचे आराखडे, तज्ज्ञांची यादी. प्रश्नावलीतलं एखादं वाक्य स्वतःच्या वर्गातल्या पोराला विचारून बघा. 'तुम्हाला गणित विषयाविषयी अभिरुची वाटते का?' यावर पाचवीचा मुलगा 'म्हणजे काय बाई?' म्हणणार असेल, तर ही प्रश्नावली गाईडच्या नजरेखालून गेलीच नसावी.

आता कामगिरीच्या याद्या. इथे भराभर चला.

आयएसबीएन हा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, दर्जाशी त्याचा संबंध नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक, त्याचंही तेच. 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिक आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी छापलं जात असेल तर नवल नको. 'यूजीसी केअर लिस्टेड' असं लिहिलेलं दिसेल. मान्य नियतकालिकांची ती यादी 2019 मध्ये आली आणि 2025 च्या सुरुवातीला यूजीसीनं ती बंद केली, त्यामुळे त्या शिक्क्यावर न थांबता एक तरी पेपर वाचा. परिषदांची यादी म्हणजे हजेरीपट, पुढे चला. पुरस्कार कुणी दिला ते बघा. संशोधन प्रकल्प मात्र थांबून बघा. आयसीएसएसआरचं (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं) किंवा विद्यापीठाचं अनुदान होतं का, आपले प्राध्यापक प्रमुख संशोधक होते की नुसते सोबत, आणि प्रकल्प 'पूर्ण' आहे की वर्षानुवर्षं 'चालू'.

एच-इंडेक्सवर फार भर देऊ नका. पेपर किती आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, यांवरून निघणारा हा आकडा 2005 मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. मराठीत लिहिणाऱ्या शिक्षणशास्त्राच्या माणसाचं काम त्यात जवळपास दिसतच नाही. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या 'शिक्षण आणि समाज'मध्ये एखाद्यानं चांगला लेख लिहिला, तर स्कोपस या संशोधन लेखांच्या आंतरराष्ट्रीय सूचीला त्याचा पत्ता नसतो. तुमचा प्रबंध मराठीत व्हायचा असेल तर असा लेख तुमच्या जास्त उपयोगाचा. गाईडनं मराठीत प्रबंध करवून घेतलेत का, हे वहीतल्या भाषेच्या रकान्यात दिसेलच.

विषय विज्ञान किंवा गणित शिकवण्याचा असेल तर आपल्या विद्यापीठापुरतं बघू नका. 1974 मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे, तिथल्या लोकांचं काम वाचा, निदान संदर्भांसाठी. आणि विषय कोणताही असो, आमच्यासारख्या जुन्या ग्रंथालयात जाऊन एम. बी. बुच यांनी संपादित केलेले शैक्षणिक संशोधनाचे सर्वेक्षण ग्रंथ काढायला सांगा. पहिला 1974 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या केंद्रानं काढला. कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, धूळ झटकावी लागते. 'माझा विषय अगदी नवा आहे' म्हणणाऱ्याला मी आधी तिथे पाठवते. तुमचा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी कुणी हाताळला असेल, तर त्याचा सारांश तिथे भेटतो आणि गाईडपुढे बसताना पायाखाली जमीन राहते.

नावं तीन-चारांवर आली की नियम लावा, म्हणजे यादी आपोआप छाटली जाते. यूजीसीच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीनुसार प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार विद्यार्थी घेता येतात. विद्यापीठ रिक्त जागांची यादी काढतं, त्यात नाव आहे का बघा. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पानावरची रुजू झाल्याची तारीख आणि पदवीचं वर्ष यांवरून वयाचा अंदाज बांधा, विचारायला संकोच वाटत असेल तर विभागातल्या क्लार्कला विचारा, त्यांना सगळ्यांच्या निवृत्त्या पाठ असतात. पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती लागली ते वहीतल्या वर्षांवरून आणि प्रबंधातल्या प्रमाणपत्रांच्या तारखांवरून बऱ्यापैकी कळतं.

मग भेट. आधी मेल करा, अर्ध्या पानाचा. 'आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे' असं लिहू नका, तसे मेल त्यांना रोज येतात. 'सर, आपल्या विद्यार्थिनीचा बोलीभाषेवरचा प्रबंध वाचला. त्यातलं चौथं प्रकरण वाचताना माझ्या शाळेतली अमुक गोष्ट आठवली, त्यावर काम करता येईल का?' असं लिहा. उत्तर नाही आलं तर आठवड्यानं विभागात जा, दुपारी जेवणानंतर. आधीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठता आलं तर फारच उत्तम. त्याला 'गाईड कसे आहेत' असं विचारू नका, 'छान आहेत' हेच उत्तर मिळतं. 'प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळायचं?' असं विचारा.

आणि जिल्हा परिषदेत नोकरी असेल तर हे सगळं चालू असतानाच ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीत देऊन ठेवा. अर्जाची पोच घ्या. ती फाईल टेबलावरून टेबलावर सरकेपर्यंत तुमचे दोन प्रबंध निवांत वाचून होतात.