दहा-वीस लिटरच्या फिशटँकमध्ये कोणाला ठेवावं? विदर्भातला उन्हाळा ध्यानात धरून केलेली निवड

लेकरं जत्रेतून काचेचं गोल भांडं आणि त्यात दोन सोनेरी मासे घेऊन येतात. चार दिवसांत पाणी पांढुरकं होतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि पंधरा दिवसांच्या आत भांडं रिकामं होतं. आमच्या घरी हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मुलाने मासा सांदवाडीतल्या पेरूखाली पुरला, आणि तेव्हापासून मी आधी पाणी मोजतो, मग मासा ठरवतो.

गोल्डफिश हा मुळात छोट्या भांड्याचा मासाच नाही. नीट वाढला तर तो 15-20 सेंटिमीटरचा होतो, दहा वर्षांहून जास्त जगतो आणि भरपूर घाण करतो. त्याला काढून टाकलं की निवड सोपी होते.

आधी पाणी मोजा

टँकची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 30 × 20 × 20 चा टँक म्हणजे 12 लिटर. तळाची रेती आणि वर सोडायची जागा वजा केली की खरं पाणी 9-10 लिटरच उरतं, म्हणजे अंघोळीच्या बादलीपेक्षाही कमी. एवढ्या पाण्यात सगळं झटपट बदलतं. दुपारी ते लवकर तापतं, रात्री लवकर गार होतं, आणि अन्नाचे चार दाणे जास्त पडले तरी सडून घाण होते.

मग पाण्याची जात ओळखा

डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यावर पांढरा थर बसतो, तर तुमचं पाणी जड आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोअर आणि विहिरींचं पाणी असंच असतं. गप्पी माशांना आणि गोगलगायींना ते मानवतं, कारण गोगलगायीच्या शंखाला त्यातला चुना लागतो. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला निऑन टेट्रा मात्र आपल्या पाण्यात कुढत राहतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यातली खारट विहीर असेल तर गप्पीच घ्यावा, तो थोडा खारटपणा सहज सोसतो.

कॅनमधलं आरओचं पाणी नुसतं वापरू नका, त्यातले क्षार गेलेले असतात. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते उघड्या बादलीत 24 तास ठेवा. बोअरचं ताजं पाणीही रात्रभर उघडं ठेवून, ढवळून घ्यावं, कारण जमिनीखालून येताना त्यात ऑक्सिजन कमी असतो. तांब्याच्या गुंडातलं पाणी कधीही ओतू नका. त्यात उतरलेलं तांबं गोगलगाय आणि झिंग्यासाठी विष आहे.

निवडीचा खरा कस नवतपात लागतो

इथे जरा थांबून विचार करा. पुस्तकी सल्ला थंड प्रदेशातल्या घरांसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि टिनाच्या खोलीत ठेवलेला दहा लिटरचा टँक अंगणातल्या टाक्यासारखा तापतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात. त्यात वीज गेली की हवेचा पंपही बंद. म्हणून मी प्रत्येक जीवाबद्दल एकच गोष्ट तपासतो: दुपारी वीज नसताना हा तगेल का?

याच कसावर मी लाल चेरी झिंगा नाकारतो, दिसायला कितीही देखणा असला तरी. थंडीत तो मजेत राहतो, पण पाणी 30 अंशांपुढे गेलं की एकेक करून मरतो. घरात बारमाही गारवा असेल तरच त्याचा विचार करा.

तर मग ठेवायचं कोणाला?

10 लिटरपेक्षा कमी पाणी असेल तर मासा नकोच. हायड्रिलासारखी पाणवनस्पती आणि दोन-तीन छोट्या गोगलगायी ठेवा. गोगलगाय काच चाटत फिरते, अंडी घालते, पिल्लं होतात, लेकरांना पाहायला पुष्कळ मिळतं. मात्र जनावरं डुंबतात त्या बोडीतली गोगलगाय आणू नका, तिच्यातून अंगाला खाज आणणारे परजीवी येऊ शकतात. मासे पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणा.

10 ते 20 लिटरमध्ये एक फायटर, फक्त एक. हा थायलंडकडचा, भाताच्या शेतातल्या आणि दलदलीतल्या उथळ कोमट पाण्यातला मासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ एक जास्तीचा अवयव असतो, त्याने तो पाण्यावर येऊन थेट हवा घेतो. वीज गेली, पंप थांबला, तरी तो गुदमरत नाही. भंडारा-गोंदियातल्या धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो आपल्याकडे का रुळतो ते कळेल. दोन नर एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना फाडतात. नर-मादी जोडीही एवढ्या जागेत ठेवू नये. त्याला हवा घ्यायला जागा हवी म्हणून पाणी काठोकाठ भरू नका, वर दोन इंच सोडा आणि झाकण लावा, कारण तो उडी मारतो.

20 लिटरच्या पुढे चार-पाच गप्पी, पण सगळे नर. मादी दर महिन्याच्या आसपास पिल्लं घालते आणि एकदा नर भेटला की पुढे कित्येक महिने नराशिवायही घालू शकते. चार माशांचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. नर लहान आणि रंगीत असतो, पोटाखालचा पर काडीसारखा बारीक. मादी मोठी, मळकट, आणि तोच पर पंख्यासारखा. डास आटोक्यात ठेवायला आरोग्य खातं टाक्यांत सोडतं तो साधा गप्पीही चालतो. दुकानातल्या मोठ्या शेपटीवाल्यापेक्षा तो काटक निघतो.

फायटर आणि गप्पी एकत्र नकोत. गप्पीची झुपकेदार शेपटी पाहून फायटर तिच्यावर तुटून पडतो.

मासा आणायच्या आधी

टँक भरून, वनस्पती लावून किमान चार आठवडे तसाच ठेवा. रोज चिमटीभर अन्न टाकत राहा. ते सडून अमोनिया होतो आणि त्यावर जगणारे जिवाणू रेतीत नि फिल्टरमध्ये वस्ती करतात: एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं कमी घातक नायट्रेट. ही वस्ती नसेल तर मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. आपलं पाणी जड, अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) आणि वरून गरम, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्तच विषारी ठरतो. म्हणून ही चार आठवड्यांची वाट पाहणं मी कधीच टाळत नाही.

तलावातून आणलेली वनस्पती आधी पंधरा दिवस पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा. तिच्यात चतुराची पिल्लं लपलेली असतात आणि ती लहान मासे खातात.

दुकानात पर उघडे ठेवून फिरणारा, पोट खपाटीला न गेलेला, अंगावर मिठासारखे पांढरे कण नसलेला मासा निवडा. दुकानदाराला समोर अन्न टाकायला सांगा. जो झेप घेऊन खातो तो घ्या. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, अधूनमधून थोडं टँकचं पाणी आत घाला, मग जाळीने मासा सोडा. पिशवीतलं पाणी बाहेर टाका.

जागा आणि हात

टँक कवेलूच्या घरात, मातीच्या भिंतीजवळ, खाली ठेवा. खिडकीचं ऊन नको. मे महिन्यात बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याच टँकला घोंगडं लागेल आणि सुस्तावलेल्या माशाला अन्न कमी टाकावं लागेल. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं कधीच नाही.

कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय टँकला हात लावणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फवारणीची बादली किंवा मग्गा तर मुळीच वापरू नका. सायपरमेथ्रीनसारख्या कीटकनाशकाचा अंशही माशाला पुरतो. डासांची अगरबत्तीही त्या खोलीत नको.

गप्पींची पिल्लं झालीच, तर ती बोडीत, नाल्यात किंवा मालगुजारी तलावात सोडू नका. तिथल्या देशी माशांच्या अंड्या-पिल्लांवर ती ताव मारतात. सांदवाडीतल्या बंद सिमेंटच्या टाक्यात ठेवा, तिथे डासांच्या अळ्या खातील. आणि गप्पी नसलेल्या दुसऱ्या साठलेल्या पाण्यात अळ्या दिसल्या तर त्या गाळणीने काढून आठवड्यातून एकदा फायटरला घाला. आमचा फायटर गाळणी दिसली की काचेला येऊन चिकटतो.