व्हॉल्व्हचा प्रीअँप घेण्याआधी

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतला एक मुलगा नवाकोरा व्हॉल्व्ह प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल काचेच्या व्हॉल्व्हने मोठा करणारं यंत्र, पिशवीत घालून माझ्याकडे आला. "ताई, एवढे पैसे घातले आणि आवाज आधीपेक्षा वाईट येतोय, सगळा खरखरीत." पार्ल्याच्या घरी आतल्या खोलीत मी गाणी आणि निवेदनं रेकॉर्ड करते, त्यामुळे अशी मंडळी अधूनमधून येतात. मी त्याला एकच गोष्ट विचारली: प्रीअँपमधून निघालेली वायर इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या डबीत, कुठे लावलीस? त्याने माइकचीच दुसरी तीन पिनांची एक्सएलआर वायर दोन्हींच्या मध्ये जोडली होती.

बहुतेक इंटरफेसच्या पुढच्या तोंडात एक्सएलआर घातली की आवाज इंटरफेसच्या स्वतःच्या माइक प्रीअँपमधून जातो, आणि जाड जॅक घातला की लाइनच्या वाटेने, म्हणजे आधीच मोठ्या झालेल्या सिग्नलच्या वाटेने, जातो. त्याचा आवाज एकामागोमाग एक अशा दोन प्रीअँपमधून जात होता. पहिल्याने मोठा केलेला सिग्नल दुसरा पुन्हा माइकसारखा धरत होता आणि फाडत होता. मी जाड जॅकची बॅलन्स्ड टीआरएस वायर लावली, इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद केलं, आणि दहा मिनिटांत त्याचा आवाज जागेवर आला. तुमच्याकडे आधीच असा प्रीअँप असेल आणि तो आवडत नसेल, तर विकायला काढण्याआधी एवढं नक्की तपासा.

आता नवा घेण्याबद्दल. माझ्या बाबांचं गिरगावात रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. रेडिओ लावल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग आवाज हळूहळू वर यायचा, हे मी तिथे बसून पाहिलंय. म्हणून व्हॉल्व्हबद्दल मला माया आहे. पण दुकानात काचेमागे नारिंगी उजेड दिसला की माणसं भुलतात, ते मला बघवत नाही. कित्येक स्वस्त पेट्यांत तो उजेड व्हॉल्व्हचा नसतोच, मागे एलईडी बसवलेला असतो.

माइक प्रीअँपमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७, युरोपातलं त्याचं नाव ईसीसी८३. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग. त्याच्या डेटाशीटमध्ये नेहमीचं उदाहरण प्लेटवर, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्यावर, २५० व्होल्टचं असतं. स्वस्त प्रीअँपमध्ये याच प्लेटला शंभराहून बरेच कमी व्होल्ट मिळतात. अशा उपाशी व्हॉल्व्हला आवाज वाढवण्याचं खरं काम झेपत नाही. ते काम शेजारची ऑप-अँपची चिप करते आणि व्हॉल्व्ह फक्त रंग चढवतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, आणि काही गळ्यांना तो रंग शोभतोही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते ठाऊक हवं. पूर्ण व्होल्टेजवर चालणारा व्हॉल्व्ह बराच वेळ स्वच्छ राहतो आणि नॉब वर नेला की हळूहळू गडद होतो. उपाशी व्हॉल्व्ह लवकर चुरचुरायला लागतो. माहितीपत्रकात प्लेट व्होल्टेज लिहिलंय का ते बघा. एआरटीच्या प्रो एमपीए टू सारख्या काही यंत्रांत ते कमी-जास्त करण्याचं बटणच असतं, आणि एकाच गळ्यावर दोन्ही ऐकून फरक समजून घ्यायला त्याहून सोपा धडा नाही.

हा रंग म्हणजे नेमकं काय, हे तानपुऱ्यावरून चटकन कळतं. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी लावतो तेव्हा तारेत नवा सूर घालत नाही, तिच्यातलेच वरचे सूर उघडे करतो. व्हॉल्व्ह मात्र सिग्नलमध्ये ते वरचे सूर स्वतः भरतो. एका ट्रायोडमधून गेलेल्या सुरावर सगळ्यात ठळक चढतो तो दुप्पट कंपनांचा सूर. मध्य सा गायलात तर तार सा. त्यामुळे आवाज भरलेला वाटतो आणि बेसूर वाटत नाही. जोर वाढवला की तिप्पट कंपनांचाही चढतो, म्हणजे तार सप्तकातला पंचम. एकट्या गळ्याला हे मानवतं. पण पेटीवर एकदम तीन पट्ट्या दाबल्या की त्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे सूर तयार होतात जे त्या रागात नाहीत आणि त्या पट्ट्यांतही नाहीत. पेटी चिखलात रुतल्यासारखी वाटते ती यामुळे. म्हणून माझ्याकडे अभंग रेकॉर्ड होतात तेव्हा गाणारा व्हॉल्व्हमधून जातो, पेटी आणि तानपुरा साध्या प्रीअँपमधून. तबल्याला मी व्हॉल्व्ह लावून पाहिला, पण चाटेवरच्या 'ना'ची धार बोथट झाली. डग्ग्याला मात्र चालला.

हे वाचून ठरवा की तुमच्या आवाजात काय कमी आहे. गळा आधीच गोल, मऊ, खर्जातला असेल आणि माइकही मंद असेल, तर व्हॉल्व्ह त्यावर आणखी शाल पांघरेल. आवाज पातळ असेल, माइक वरच्या टिपेत टोचत असेल, तर उपयोग होईल. मी मुद्दाम 'होईल' म्हणते, कारण टोचणं कधीकधी माइकचं नसतं, खोलीचं असतं. मोझॅइक टाइल्स, उघडी भिंत, लोखंडी कपाट. तेव्हा आधी कपाटाच्या दारावर गोधडी टाका, गाणाऱ्याच्या मागे गादी उभी करा आणि मग पुन्हा ऐका. पार्ल्यात विमान डोक्यावरून जातं तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवते, त्यावर कुठल्याही किमतीच्या प्रीअँपचा इलाज नाही.

दुसरा हिशेब गेनचा, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा त्याचा, आणि तो घरी बसून कागदावर करता येतो. माइकच्या पत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते. शुअरचा एसएम५८ एका पास्कल दाबाला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, एसएम७बी १.१२ मिलिव्होल्ट, आणि ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर माइक १४ मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणजे एसएम७बीला त्या कंडेन्सरपेक्षा सुमारे २२ डेसिबल गेन जास्त हवा. हळू आवाजातलं निवेदन एसएम७बीवर करायचं तर ६० डेसिबल लागतात. शास्त्रीय गाणारा खुला गळा कंडेन्सरसमोर असेल तर ३०-३५ पुरतात. तुमची अडचण फक्त गेन कमी पडण्याची असेल, तर व्हॉल्व्ह घेऊ नका. फँटमवर, म्हणजे माइकच्या वायरीतून येणाऱ्या ४८ व्होल्टवर, चालणारा आणि माइक व प्रीअँपच्या मध्ये लावायचा इनलाइन बूस्टर घ्या, तो २५ डेसिबलच्या आसपास स्वच्छ गेन देतो आणि खूप स्वस्त पडतो.

गेन जास्त हवा असेल तर खालची सळसळही वाढते, म्हणून ईआयएनचा, म्हणजे प्रीअँपच्या स्वतःच्या सळसळीचा, आकडा बघायचा. १५० ओहमच्या स्रोताची स्वतःचीच सळसळ उणे १३१ डीबीयूजवळ असते, त्याच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. उणे १२७-१२८ असेल तर उत्तम. उणे १२० किंवा त्याहून वाईट असेल तर मोठ्या गाण्यात लपेल, पण रात्री शांत खोलीत वाचलेल्या गोष्टीत प्रत्येक स्वल्पविरामाला ऐकू येईल. चांगल्या व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये व्हॉल्व्हच्या आधी इनपुट ट्रान्सफॉर्मर असतो. तो एकास दहा असला तर तिथेच २० डेसिबल मिळतात, तेही व्हॉल्व्हची सळसळ न वाढवता. यंत्र हाताला जड लागतं त्यात या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचा वाटा असतो. अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनियर बिल पुटनम यांच्या ६१० कन्सोलवरून बनलेली युनिव्हर्सल ऑडिओची यंत्रं या घराण्यातली. ती महाग आहेत, आणि महाग का आहेत ते उचलून पाहिलं तरी थोडं कळतं.

विजेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझं नुकसान झालंय. काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेहून आलेला एक वापरलेला प्रीअँप घेतला. विकणाऱ्याने "चालतं हो, सगळीकडे चालतं" असं सांगितलं आणि मी मागची पट्टी वाचली नाही. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं होतं. आपल्या २३० व्होल्टमध्ये पिन घातली, एक वास आला आणि आतला ट्रान्सफॉर्मर गेला. बाबांच्या दुकानात वाढलेल्या मुलीकडून ही चूक झाली याचं मला आजही वाईट वाटतं. पट्टी वाचा. १२० असेल तर व्होल्टेज निवडायची सोय आहे का ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या, नसेल तर चांगला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

अॅडाप्टरवर चालणाऱ्या छोट्या पेट्यांचं दुखणं वेगळं. एआरटीच्या ट्यूब एमपीला ९ व्होल्टचा एसी अॅडाप्टर लागतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ९ व्होल्ट म्हणून मागितलं की हातात बहुधा डीसी येतो, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. पिन बसते, आणि म्हणूनच फसायला होतं. मूळ अॅडाप्टर हरवला तर 'आउटपुट एसी' असं तोंडाने म्हणून मागा आणि त्याच्या पाठीवर वाचून घ्या.

घरघर येत असेल तर आधी पंख्याकडे बघा. पंखा बंद केला तरी दुसऱ्या खोलीतला पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मंद फिरत असेल, तर तो विजेच्या लाइनमध्ये बारीक चरचर सोडतो. मी रेकॉर्डिंगच्या वेळी घरातले सगळे पंखे एकतर बंद, नाहीतर पूर्ण वेगावर ठेवते. प्रीअँप, इंटरफेस आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच बोर्डवर लावा. जुन्या इमारतीत अर्थिंग धड आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. घरघर जाते म्हणून तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पूर्ण व्होल्टेजवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्ट असतात, आणि ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. त्याच कारणाने झाकणही उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भार धरून बसलेले असतात.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचा माइक, स्वतःचे हेडफोन आणि जमलं तर ज्याचा आवाज रेकॉर्ड करायचा आहे तो माणूस बरोबर न्या. यंत्र लावून वीस मिनिटं तापू द्या. त्याच दोन ओळी आधी इंटरफेसच्या प्रीअँपवर गाऊन घ्या, मग व्हॉल्व्हवर, माइकपासूनचं अंतर वीतभर ठेवून, बोटांनी मोजून. मग दोन्ही फाइली सारख्या मोठ्या करा. हे टाळू नका, कारण एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तोच आवाज चांगला वाटतो आणि दुकानदार नॉब थोडा वर ठेवूनच ऐकवतो. फाइलींची नावं बरोबरच्या माणसाला बदलायला सांगा आणि कुठली कुठली ते न कळता निवडा. मी हे तीनदा केलं आणि तीनदातून एकदा साधा प्रीअँप निवडला. त्या गायिकेला मी व्हॉल्व्ह लावतच नाही.

घरी आणल्यावर दोन नॉब नीट समजून घ्या. इनपुट म्हणजे व्हॉल्व्हला किती दाबायचं, आउटपुट म्हणजे पुढे किती पाठवायचं. रंग हवा तर इनपुट वर, आउटपुट खाली. स्वच्छ हवा तर उलट. दोन्ही बाबतीत इंटरफेसच्या मीटरवर सर्वसाधारण पातळी उणे १८ डेसिबल आणि सगळ्यात मोठी तान उणे १०च्या आत राहू द्या. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर याहून वर ढकलायची काही गरज नाही. फँटमचं ४८ व्होल्टचं बटण माइक लावल्यानंतर दाबा, आणि काढण्याआधी बंद करून मिनिटभर थांबा.

वापरलेला घेणार असाल तर बाबांची रीत सांगते. व्हॉल्व्ह जाळीतून बाहेरून दिसत असेल तर यंत्र तापल्यावर, हेडफोन कानाला लावून, पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकेच टिचकी मारायची. थोडा 'टक्' येणारच. पण घंटेसारखा घुमत राहिला, तर तो व्हॉल्व्ह माइक्रोफोनिक झालाय आणि खालून रिक्षा गेली तरी रेकॉर्डिंगमध्ये घुमेल. व्हॉल्व्ह आत बंद असेल तर यंत्राच्या पाठीवर बोटाने टिचकी मारून ऐका. एवढ्यासाठी यंत्र नाकारू नका, किंमत कमी करून मागा. व्हॉल्व्ह बदलता येतो, ट्रान्सफॉर्मर बदलणं अवघड. बदलायचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. माझ्या कपाटात सिलिका जेलच्या डब्यात एक जादा १२एएक्स७ असतो आणि प्रीअँपच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवलेली आहे, त्यावर मागचा व्हॉल्व्ह कधी घातला ती तारीख. बाबा रेडिओच्या आत पेन्सिलीने लिहायचे, तशीच.