म्यानमारमधल्या अत्याचारांच्या नोंदी: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

कायद्याचं शिक्षण झाल्यावर मी म्यानमारच्या लष्करी राजवटीतल्या अत्याचारांच्या नोंदी ठेवण्याच्या कामाला लागले. आता महाराष्ट्रातले विद्यार्थी विचारतात, या कामात यायचं तर काय शिकावं? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याऐवजी इथेच सविस्तर लिहिते.

1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर म्यानमारच्या पश्चिमेकडच्या चिन राज्यातून हजारो लोक सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले. त्यांच्या साक्षी हा आमच्या कामाचा कणा आहे. नव्याने येणाऱ्याला वाटतं, अत्याचार झाला हे सिद्ध करायचंय. पण तेवढं बहुतेकदा जमतं. 29 ऑक्टोबर 2021 ला चिन राज्यातल्या थांटलांग शहरात दीडशेहून जास्त घरं जळाली, ते उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसतं. खरं अवघड पुढे आहे. जाळणारी तुकडी कोणती, तिचा अधिकारी कोण, हुकूम कुठून सुटला? वरच्या सेनाधिकाऱ्यापर्यंत खटला न्यायचा तर हे धागे जुळावे लागतात, आणि घाईने केलेल्या नोंदींत नेमके तेच सापडत नाहीत.

एका मावशींची साक्ष घेताना मी शेजारी बसले होते. सैनिकांच्या दंडावर काहीतरी चिन्ह होतं, एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या अनुभवी सहकाऱ्याकडे लष्करी चिन्हांचा तक्ता होता, पण त्याने तो बाहेर काढला नाही. कागद-पेन्सिल पुढे केली आणि दुभाषामार्फत सांगितलं, "आठवेल तेवढंच काढा, नाही आठवलं तरी चालेल." त्यांनी सावकाश रेघा ओढल्या, एक खोडली, पुन्हा काढली. तो कागद खोडलेल्या रेघेसकट सही-तारखेनिशी जपून ठेवला. तक्ता दाखवून "हेच होतं का?" विचारलं असतं, तर आपणच उत्तर तोंडात घातलं असं बचावाच्या वकिलाने सहज म्हटलं असतं. तुकडी ओळखण्याला मोल का आहे, तेही सांगते. 2017 मध्ये म्यानमारच्या रखाइन राज्यात रोहिंग्यांवर झालेल्या हिंसाचारात 33 आणि 99 क्रमांकाच्या लाइट इन्फंट्री डिव्हिजन (पायदळाच्या मोठ्या तुकड्या) नेमक्या ओळखता आल्या, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या दोन्हींवर निर्बंध घातले.

बारीकसारीक गोष्टींना इथे फार वजन आहे. म्यानमारमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, एकाच नावाची माणसं ढिगाने असतात. म्हणून वडिलांचं नाव, वय, गाव आणि टाउनशिप (तिथला तालुक्यासारखा विभाग) हे सगळं लिहायचं. म्यानमारचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे. सीमेवरचा फोन भारतीय नेटवर्क पकडत असेल तर व्हिडिओवरची वेळ तासाने चुकते. इंटरनेट बंद असलेल्या भागातला व्हिडिओ कित्येक दिवसांनी अपलोड होतो, तेव्हा अपलोडची तारीख ही घटनेची तारीख धरू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलमधली, ती कधी-कुठे टिपली याची मूळ माहिती बहुधा गेलेली असते. शक्य असेल तिथे मूळ फाइलच मागा. ती जशीच्या तशी ठेवा, तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) काढा, ती कोणाकडून कधी मिळाली ते लिहा. काम करायचं ते प्रतीवर. ऑनलाइन पुराव्यासाठी 2020 चा बर्कली प्रोटोकॉल आणि छळाच्या तपासासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल, हे दोन्ही आधी वाचून काढा.

मात्र पुराव्याच्या आधी साक्षीदार येतो. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. मिझोरामच्या लोकांनी आणि तिथल्या यंग मिझो असोसिएशन या सामाजिक संघटनेने या माणसांना मनापासून आसरा दिला, पण कायद्याने त्यांना निर्वासिताचा दर्जा नाही, आणि मागे राहिलेले नातेवाईक तर लष्कराच्या तावडीतच आहेत. नाव बाहेर फुटलं तर भोगावं त्यांना लागतं. नावं आणि जबाब वेगवेगळे ठेवा, सगळं नीट समजावून सांगून मगच संमती घ्या, "नको" म्हणाले तर विषय तिथेच सोडा. आधी कुणी साक्ष घेतली आहे का, हेही विचारा. तीच बाई चौघांना चार वेळा सांगते तेव्हा जखम दर वेळी उघडी होते, शिवाय चार जबाबांतल्या किरकोळ तफावती पुढे तिच्याच विरोधात वापरल्या जातात.

न्याय कुठे मिळेल, हे लोक विचारतातच. खोटी आशा लावू नका. रखाइनमधल्या इन दिन गावात 2 सप्टेंबर 2017 ला दहा रोहिंग्या पुरुषांना मारलं गेलं. सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ते वर्षभराच्या आतच सुटले. ती बातमी खणून काढणारे रॉयटर्सचे दोन पत्रकार त्यांच्यापेक्षा जास्त काळ तुरुंगात होते. त्यामुळे आशा आहे ती देशाबाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने 2018 मध्ये स्थापन केलेली स्वतंत्र तपास यंत्रणा पुरावे गोळा करते, खटला मात्र चालवत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने नोव्हेंबर 2024 मध्ये, 2021 मध्ये सत्ता बळकावणाऱ्या सेनाप्रमुख मिन आँग ह्लाइंगविरुद्ध अटक वॉरंट मागितलं. तिथलं प्रकरण उभं राहिलं ते रोहिंग्यांना हाकलल्याचा गुन्हा अंशतः बांगलादेशाच्या भूमीवर घडला म्हणून. बांगलादेश त्या न्यायालयाचा सदस्य आहे. भारत नाही. मिझोराममध्ये आलेल्यांना ती वाट त्याच रीतीने मोकळी नाही, आणि हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं. फेब्रुवारी 2025 मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायालयाने मिन आँग ह्लाइंगसह अनेकांवर वॉरंट काढलं. 1976 ते 1983 लष्करी राजवट सोसलेल्या देशाने हे करावं, याचं मला फार मोल वाटतं.

पदवी कायद्याचीच हवी असं नाही. पत्रकारितेतली आणि नकाशाशास्त्रातली माणसंही इथे उत्तम काम करतात. नोकऱ्या मोजक्या आणि निधीवर अवलंबून असतात, 2025 मध्ये अमेरिकेने मदत कापल्यावर अनेकांना त्याची झळ बसली. म्हणून हाताशी दुसरं कौशल्यही ठेवा. व्हिडिओ तपासताना पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, छोट्या खिडकीत बघा. किंकाळ्या दृश्यापेक्षा जास्त काळ डोक्यात राहतात. सुरुवात करायची तर जुना, आधीच पडताळलेला एखादा व्हिडिओ घ्या, जागा आणि वेळ स्वतः शोधा, मग आपलं उत्तर तज्ज्ञांच्या उत्तराशी ताडून बघा. प्रत्यक्ष साक्षी घ्यायला त्यानंतर, आणि तेही कुणा अनुभवी माणसाच्या सोबतीने जा.