वनसंशोधनाचा सहकार्य-नकाशा काढताना या चुका टाळा

भारतातील वनसंशोधन कोण करते, कोणाबरोबर करते आणि कोठे प्रसिद्ध करते, हे नकाशावर मांडण्याचे काम व्हॉसव्ह्यूअर, बिब्लिओमेट्रिक्स यांसारख्या मोफत साधनांमुळे आता नाशिकमधील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसूनही करता येते. नकाशा काही मिनिटांत उमटतो खरा. परंतु त्यामागच्या नोंदी तपासल्या नसतील, तर त्यावरून प्रबंधात कोणताही निष्कर्ष काढू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक शोधशब्दांची असते. संशोधनलेखांच्या डेटाबेसमध्ये ‘फॉरेस्ट’ आणि ‘इंडिया’ एवढेच शब्द दिले, की लिओ ब्रायमन यांनी 2001 साली मांडलेली ‘रँडम फॉरेस्ट’ ही संगणकीय पद्धत वापरणारे, मधुमेहापासून कर्जफेडीपर्यंतच्या विषयांवरील लेखही यादीत शिरतात, आणि अलीकडच्या वर्षांतील वाढ वनसंशोधनाची आहे असा भास होतो. वैद्यकातील ‘फॉरेस्ट प्लॉट’चेही, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र दाखवणाऱ्या आलेखाचेही, तसेच. कीवर्डच्या नकाशात रुग्ण, निदान, मशीन लर्निंग अशा शब्दांचा वेगळा पुंजका दिसला, तर दोष येथेच आहे असे समजावे. तरीही ‘रँडम फॉरेस्ट’ असलेले लेख सरसकट वगळू नयेत, कारण उपग्रह प्रतिमांवरून वनाच्छादन मोजणारे संशोधकही हीच पद्धत वापरतात. अशा नोंदींचे शीर्षक आणि सारांश प्रत्यक्ष वाचूनच निर्णय घ्यावा; हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही.

दुसरा घोळ नावांचा. पत्त्यातील नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एसएच’ असते किंवा नुसते ‘एस’. येथील अनेक महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, त्या पुणे विद्यापीठाचे नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. आणि देहरादूनची वन संशोधन संस्था 1906 पासूनची, तर तिची आजची पालक संस्था, भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद, 1986 मधील; पत्त्यात यांपैकी कोणतेही नाव येऊ शकते. ही रूपे एकत्र केली नाहीत, तर एकाच संस्थेचे तीन ठिपके उमटतात आणि ती स्वतःशीच सहकार्य करताना दिसते. व्हॉसव्ह्यूअरमध्ये यासाठी थिसॉरस फाइल, म्हणजे कोणते रूप कोणत्या नावाखाली धरायचे याची यादी, जोडता येते. ‘पाटील एस.’ या एका ठिपक्यात मात्र उलट अनेक माणसे दडलेली असू शकतात. तेथे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा.

मोजणीची पद्धतही नोंदवावी. पूर्ण मोजणीत, म्हणजे लेखकांची प्रत्येक जोडी पूर्ण एक धरली तर, 50 लेखकांचा एकच लेख 1225 जोड्या निर्माण करतो, त्यामुळे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने सगळा नकाशा झाकला जातो. अंशात्मक मोजणी, म्हणजे एका लेखाचे वजन त्याच्या लेखकांत विभागून मोजणी, करून दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत.

चालू वर्षाच्या नोंदी अपुऱ्या असतात, म्हणून आलेखाच्या टोकाची घसरण ही घट मानू नये.

जिल्ह्यापुरता अभ्यास असेल, तर लेखकाचा पत्ता आणि अभ्यासक्षेत्र यांची गल्लत करू नये. पेठ-सुरगाण्याच्या सागवनांवरील लेखाचे सर्व लेखक बाहेरगावचे असू शकतात. केवळ नाशिकचे पत्ते शोधले, तर तो लेख हाती लागणारच नाही. म्हणून तालुक्यांची नावे शीर्षक व सारांशातही शोधावीत.