हिवाळ्यात सायकल सांभाळायची तर आधी मीठ धुवा

बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते खारं पाणी चाकाने उडून चेनवर, स्पोकच्या टोकांना, बोल्टच्या खाचांत सगळीकडे जाऊन बसतं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे सायकल वरून कोरडी दिसली तरी आत गंज चालूच असतो. म्हणून धुवायचं ते रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी, निदान साध्या पाण्याची एक बादली तरी ओतायचीच. प्रेशर वॉशर मात्र नको, त्याचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलच्या दांड्या फिरतात तो फ्रेममधला आस) सीलमधून आत घुसतो आणि बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतो.

आता चेन, सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यायची. डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रावण) लावून ब्रशने घासा, पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल टाकून काही उपयोग नाही, पाणी आतच अडकतं. मग वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल) घ्या, ड्राय ल्यूब (कोरड्या हवेसाठीचं) पावसाचिखलात लगेच धुऊन जातं. पॅडल उलटं फिरवत चेनच्या प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या फिरत्या नळीवर) एकेक थेंब, मग पाच-दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं तेल पुसून काढा, हो सगळंच, कारण तेल लागतं ते रोलरच्या आत, बाहेर राहिलं की त्याला वाळू चिकटते आणि तीच चेन खाते. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा निळा-पिवळा डबा म्हणजे चेनचं तेल नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी लोक तेच मारतात!

डिस्क ब्रेक असतील तर स्प्रे कुठलाही असो, चाकावरच्या ब्रेकच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, जाऊ देऊ नका, ब्रेकच लागणार नाही. चुकून गेलाच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ब्रेक पॅडने तेल प्यायलं असेल तर सरळ नवे टाका. रिम ब्रेक असतील तर ब्रेक शूमध्ये रुतलेले खडे टोचून काढा, नाहीतर ते रिम घासून पातळ करतात.

थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा सीटपोस्ट (सीटखालची नळी) बाहेर काढून ग्रीस लावा, नाहीतर मीठपाण्याने तो फ्रेममध्ये असा जाम होतो की काढताना घाम फुटतो. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट (कार्बनच्या भागांसाठीची खरखरीत पेस्ट) लावा. पॅडलच्या आट्यांनाही ग्रीस द्या, डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, उगाच जोर लावत बसू नका.

मडगार्ड पूर्ण लांबीचेच घ्या, पुढच्याला खाली रबरी फ्लॅप लावा, बूटही कोरडे राहतात आणि चेनवर चिखलही कमी उडतो. थंडीत टायरची हवा कमी होते, प्रेशर अधूनमधून बघा. लाइटची बॅटरीही थंडीत लवकर उतरते, आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाच्या खाली असताना चार्ज करायची नाही, आधी घरात आणून नॉर्मलला येऊ द्या.