रिफ्रेश न करता चालणारा काउंटडाउन टायमर: या चुका टाळा

वेबपानावर काउंटडाउन लावायचा म्हटलं की कुठून तरी दहा ओळींचा जावास्क्रिप्ट कोड उचलायचा, आकडे पळायला लागले की काम फत्ते समजायचं, ही सवय आता फारच पसरली आहे. आकडे पळत असले तरी ते बरोबर आहेत की नाही, हे कोणी घड्याळ शेजारी ठेवून बघत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पानांत त्याच त्या चुका असतात. त्यातल्या दोन तर पिच्छाच सोडत नाहीत.

दर सेकंदाला एक वजा करणं

पान उघडलं की उरलेले सेकंद एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचे आणि सेटइंटरव्हल (ठराविक वेळाने फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, पुन्हा पुन्हा चालवणारी आज्ञा) लावून दर हजार मिलिसेकंदांनी त्यातून एक कमी करायचा. नव्वद टक्के नवशिके हेच करतात, कारण समोर बसून पाहिलं तर ते चालतं. पण ब्राउझर दर सेकंदाला त्या फंक्शनला बोलावणं पाठवेलच असं नाही. टॅब मागे गेला की तो टायमरना आवर घालतो. क्रोममध्ये तर ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या टॅबमधले असे टायमर मिनिटातून एकदाच चालतात.

हापूसची आगाऊ नोंदणी घेणाऱ्या एका विक्रेत्याच्या पानावर मी याचा परिणाम पाहिला. नोंदणी सकाळी दहाला उघडणार होती. लोकांनी ९:४०ला पान उघडलं, २० मिनिटं बाकी दिसली, म्हणून ते दुसऱ्या टॅबमध्ये ऑफिसच्या कामाला लागले. पहिली पाच मिनिटं टायमर नीट चालला, १५:०० वर आला. मग मिनिटाला एकच सेकंद कमी होऊ लागला. दहा वाजता परत आलेल्यांना १४ मिनिटं ४५ सेकंदांच्या आसपास बाकी दिसत होती, आणि तिकडे पेट्या विकल्या जात होत्या. पहिला लॉट संपला तेव्हाही काहींच्या स्क्रीनवर टायमर चालूच होता. कोड लिहिणाऱ्या मुलाचं उत्तर होतं, ‘रिफ्रेश करायला सांगा.’ टायमर रिफ्रेश करायला लागू नये म्हणूनच तर जावास्क्रिप्ट लिहिलं होतं! ज्यांची पेटी गेली ते विक्रेत्यावर चिडले, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

उपाय दोन ओळींचा आहे. टायमर शून्यावर यायची वेळ मिलिसेकंदांत साठवा आणि प्रत्येक वेळी त्यातून डेट.नाऊ, म्हणजे आत्ताची वेळ, वजा करा. काहीही मोजत बसू नका, दर वेळी नव्याने हिशोब करा. मग मधली शंभर बोलावणी चुकली तरी पुढचं आलं की आकडा जागेवर येतो. मी सोबत टॅब लपला किंवा समोर आला की घडणाऱ्या व्हिजिबिलिटीचेंज या इव्हेंटवरही तेच फंक्शन लावतो, म्हणजे टॅबवर परत येताच बरोबर वेळ दिसते.

तारीख लिहिताना टाइमझोन विसरणं

‘२०२६-०५-०१’ एवढंच डेटला दिलं तर जावास्क्रिप्ट ती युटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतं. आपल्याकडे टायमर पहाटे साडेपाचला शून्यावर येतो, न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे ३० एप्रिलच्या रात्री आठलाच. मग कोणी तरी पुढे ‘टी००:००:००’ जोडतं आणि भारतात सगळं सुरळीत दिसतं. पण आता ती ज्याच्या त्याच्या गावची मध्यरात्र झाली. दुबईतला माणूस तुमच्यापेक्षा दीड तास मागे राहतो. शेवटी ‘+०५:३०’, म्हणजे भारतीय वेळ, लिहा, प्रश्न मिटतो. साडेपाच तास हाताने अधिक-उणे करणारा कोड दिसला की मी तो आधी काढून टाकतो. असा जुगाड पुढच्या माणसाला समजत नाही.

तारीख आकड्यांनी सुटी सुटी देत असाल तर महिने शून्यापासून सुरू होतात. मे म्हणजे ४.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. सेटइंटरव्हलमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंस लावला तर ते एकदाच चालून गप्प बसतं. स्क्रिप्ट हेडमध्ये (पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात) टाकून डीफर (पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालव, असं सांगणारा शब्द) लिहिलं नाही, तर ज्या डिव्हमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटीत, आकडे दाखवायचे तो तेव्हा अस्तित्वातच नसतो. शून्यावर क्लिअरइंटरव्हल करून टायमर थांबवला नाही की उणे आकडे सुरू होतात. आकडे बदलताना ओळ थरथरत असेल तर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) टॅब्युलर-नम्स वापरा, सगळे अंक सारख्या रुंदीचे होतात.

ग्राहकाच्या फोनचं घड्याळच चुकीचं असू शकतं. पान उघडताना सर्व्हरची वेळ एकदा घ्या, फरक साठवा आणि तो हिशोबात धरा. विक्री उघडली की नाही हे मात्र सर्व्हरनेच ठरवायचं, ब्राउझरमधल्या आकड्याने नाही.

आणि रिफ्रेश केलं की पुन्हा १० मिनिटांपासून सुरू होणारा ‘ऑफर संपतेय’ टायमर कोणी मागितला तर मी सरळ नाही म्हणतो. ती ग्राहकाची फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध (ग्राहकाला गंडवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांविरुद्ध) काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी खोटी घाई लावण्याला बंदी आहे. ‘सगळेच लावतात’ म्हणणाऱ्याला मी ती तत्त्वं वाचायला पाठवतो.